डांबर बोटभर, रस्ता हातभर

गावाच्या रस्त्याची जाडी कशी काढतात आणि ती सरपंचाने का विचारावी

येरमाळ्याला महामार्ग सोडून एखाद्या आतल्या गावाच्या रस्त्याला लागा. पहिला किलोमीटर बरा जातो. मग काळ्या रानाचा तुकडा लागतो आणि रस्ता बसलेला दिसतो. कडा तुटलेल्या, मध्ये चाकोऱ्या, चाकोऱ्यांत पाणी. पुढे माळ लागला, मुरमाड जमीन आली, की तोच रस्ता पुन्हा सपाट. ठेकेदार एकच, डांबर एकच, काम झाले तेही एकाच महिन्यात. मग काळ्या रानातच का फसला?

पारावर विचारा. लगेच उत्तर मिळते, "काळ्या रानात रस्ता टिकतच नाही हो साहेब." हे अर्धेच खरे आहे. काळ्या रानात पातळ रस्ता टिकत नाही. पुरेशा जाडीचा केला, खालचे पाणी काढून दिले, तर टिकतो. सोलापूर–धुळे महामार्ग, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२, तो काय सगळा मुरमावरूनच गेला आहे? त्याच्याही वाटेत काळी राने आलीच. पण तिथे माती तपासली गेली, वाहने मोजली गेली आणि त्या दोन्हींवरून जाडीचा हिशोब मांडला गेला. आपल्या गावाच्या रस्त्यालाही हाच हिशोब लागू आहे. आकडे लहान असतील, रीत तीच.

आता हा हिशोब इंजिनियर लोकांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. गावाला डांबरी रस्ता रोज मिळत नाही. एकदा मिळाला की पुढची आठ-दहा वर्षे त्यावरच काढायची असतात. एसटी त्यावरच येणार, ऊस त्यावरूनच जाणार, बाळंतपणाची बाई त्यावरूनच कळंबला न्यायची. आणि रस्त्याचे काम अशा जातीचे आहे की चूक झाली तर ती खाली गाडली जाते. वरून दिसते ते फक्त काळे.

काळा थर म्हणजे रस्ता नव्हे

गावच्या रस्त्यावर डांबराचा जो थर तुम्ही पाहता, तो बहुतेक ठिकाणी २० मिलिमीटरचा कारपेट असतो. म्हणजे बोटभर. त्यावर सीलकोट. काही कामांत त्याखाली ५० मिलिमीटर बीबीएम धरलेले असते, पण सगळीकडे नाही. हा २० मिलिमीटरचा कारपेट भार पेलत नाही, हे आधी ध्यानात घ्या. अभियंते जाडी मोजतात तेव्हा या पातळ थराला भार घेणारा म्हणून धरतच नाहीत. त्याचे काम छपरासारखे. पावसाचे पाणी आत जाऊ द्यायचे नाही, खडी सुटू द्यायची नाही, धूळ उडू द्यायची नाही. घराचे वजन पत्रा घेत नाही, भिंती आणि पाया घेतो, तसेच हे.

भार घेते ती खाली दाबलेली खडी, तिच्याखालचा मुरूम आणि सगळ्यात शेवटी तुमच्याआमच्या रानाची माती. ट्रकच्या चाकाखाली जो दाब असतो तो थराथरातून खाली जाताना पसरत जातो. जाडी जास्त असेल तर मातीपर्यंत पोचेतो तो इतका पसरतो की मातीला सोसवतो. जाडी कमी पडली तर चाकाचा दाब जवळजवळ तसाच मातीवर जातो, माती दबते, बाजूला सरकते, आणि वर चाकोरी उमटते. मग डांबराला भेग पडते, भेगेतून पाणी उतरते, माती आणखी मऊ होते. पुढचे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून जाडीच्या हिशोबात दोनच मोठे प्रश्न आहेत. खालची माती किती सोसते? आणि वरून काय, किती वेळा जाणार?

माती किती सोसते

मातीची ताकद मोजण्याची जी चाचणी आपल्याकडे सर्वत्र चालते तिला सीबीआर म्हणतात. कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागात १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओ. जे. पोर्टर या अभियंत्याने ती बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांना घाईघाईने विमानांच्या धावपट्ट्या बांधायच्या होत्या, त्यांनी ती उचलली आणि तिथून ती जगभर गेली. चाचणी अगदी साधी आहे. १५० मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी साच्यात माती ठोकून भरायची. साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. मग ५० मिलिमीटर जाड लोखंडी दांडा तिच्यात हळूहळू रुतवायचा, मिनिटाला सव्वा मिलिमीटर या चालीने. दांडा अडीच मिलिमीटर रुतायला किती जोर लागला ते पाहायचे. चांगल्या दाबलेल्या फोडीव खडीत एवढे रुतवायला १,३७० किलोचा भार लागतो, तो प्रमाण मानला आहे. तुमच्या मातीला त्याच्या शंभरातले किती लागले, तो तिचा सीबीआर.

आता आपली काळी माती घ्या. पाण्यात चार दिवस भिजवली की तिचा सीबीआर साधारण २ ते ४ येतो. ३ आला असे धरा. म्हणजे १,३७० ऐवजी अवघ्या ४१ किलोच्या भाराने दांडा रुतला. बालाघाटाच्या माळावरचा चांगला मुरूम १० किंवा त्याहून वरही जातो. १० धरला तर १३७ किलो. एकाच गावाच्या शिवारात, एकाच रस्त्याखाली, एवढा फरक.

त्या चार दिवसांच्या भिजवण्यावर थोडे थांबू या, कारण घोटाळा बहुधा इथेच होतो. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला कुणी शिकवायला नको. वैशाखात कुदळ मारली तर टणकन उडते, श्रावणात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. मे महिन्यात सुकलेल्या रानातली माती तशीच कोरडी तपासली तर आकडा झकास येईल. पण रस्त्याला पावसाळाही काढायचा असतो ना? डांबराखाली गेलेली माती वरून उन्हाने वाळत नाही, कडेने मात्र ओल धरत जाते. म्हणून आकडा भिजवलेल्या मातीचाच धरायचा. अंदाजपत्रकात सीबीआर लिहिलेला दिसला तर पहिला प्रश्न हा विचारा, "भिजवून घेतलाय का साहेब? आणि माती कुठल्या साखळीवरची?" माळावरची एक पाटी माती नेऊन सगळ्या रस्त्याचा आकडा ठरवला असेल, तर काळ्या रानाचा तुकडा त्याच दिवशी फसला असे समजा.

माती किती फुगते हे घरच्या घरी अजमावता येते. वाळवलेली माती बारीक कुटून चाळून घ्या. दोन सरळ काचेचे ग्लास घ्या, दोन्हींत सारखी माती टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. (रॉकेल आता शोधावेच लागते, पण थोडेसेच लागते. चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा.) ढवळा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधला थर १० मिलिमीटर आणि पाण्यातला १६ असेल तर फुगवटा ६० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर गेली की ती फुगरी माती, तिच्यावर नेहमीसारखा रस्ता ठेवायचा नाही. प्रयोगशाळेतही हीच रीत आहे, फक्त माती तोलून घेतात आणि भांडी मापाची असतात. अभियंत्याच्या चाचणीची जागा हे ग्लास घेणार नाहीत, पण ग्रामसभेत ते टेबलावर ठेवून बोलायला हरकत नाही.

फुगऱ्या मातीवर उपाय दोन. ती वरची काढून मुरूम भरायचा, किंवा तिच्यात चुना मिसळायचा. वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून, पाणी मारून दाबली तर काळ्या मातीचा चिकटपणा मोडतो, फुगणे कमी होते आणि सीबीआर वाढतो. येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचणाऱ्या आपल्या भागाला चुना काही नवा नाही. मात्र रानातली चुनखडी तशीच कुटून टाकली तर काही होत नाही. भाजून, विझवलेला चुनाच लागतो. दूरवरून मुरूम आणण्यापेक्षा काही ठिकाणी हे स्वस्त पडते. निर्णय अभियंत्याचा, पण विचारायला काय जाते?

आता पाटीवर हिशोब मांडू

अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी सीबीआरवरून जाडी काढण्याचे एक सूत्र दिले होते. आपल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ते अजून शिकवतात. १२ पेक्षा कमी सीबीआर असलेल्या मातीला ते लागू होते. दहावी झालेल्या पोराकडून करून घ्या. १.७५ ला सीबीआरने भागा. त्यातून ०.०५३ वजा करा. उरलेल्याचे वर्गमूळ काढा. त्याला ६४ ने गुणा. आली ती जाडी सेंटीमीटरमध्ये. यात ६४ म्हणजे एका चाकाच्या ४,१०० किलो भाराचे वर्गमूळ, आणि ०.०५३ हा आकडा टायरमधली हवा चौरस सेंटीमीटरला ६ किलो धरून आला आहे.

काळी माती, सीबीआर ३. १.७५ भागिले ३ म्हणजे ०.५८३. वजा ०.०५३, उरले ०.५३०. वर्गमूळ ०.७२८. गुणिले ६४, आले ४६.६. म्हणजे सुमारे ४७ सेंटीमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात जेवढा, तेवढी रस्त्याची जाडी. डांबर बोटभर आणि रस्ता हातभर तो असा.

तेच सूत्र सीबीआर ६ ला लावा, ३१ सेंटीमीटर येतात. १० ला लावा, २२ येतात. आता यातली गंमत पाहा. काळ्या मातीवर एकूण ४७ पाहिजेत. पण १० सीबीआरच्या मुरमावर २२ पुरतात. मग काळ्या मातीवर २५ सेंटीमीटर मुरूम नीट दाबून टाका, आणि मुरमावर साडेसात-साडेसात सेंटीमीटरचे खडीचे तीन थर द्या. २५ आणि साडेबावीस, झाले साडेसत्तेचाळीस. माळावरून जाताना मुरूम निसर्गानेच दिलेला आहे, तिथे खडीचे तीन थर बस्स. म्हणजे एकाच रस्त्याची जाडी दोन ठिकाणी दोन असायला हवी. किलोमीटर शून्यपासून शेवटपर्यंत एकच जाडी लिहिलेले अंदाजपत्रक आले आणि तुमच्या शिवारात माळ आणि काळे रान दोन्ही असले, तर कागद आणि जमीन यांची भेट झालेली नाही हे ओळखा.

आणि समजा माती ३ ची असताना हिशोबात ६ धरली. जाडी १५ सेंटीमीटरने कमी पडली. हे १५ सेंटीमीटर म्हणजे किती? साडेसात मीटर रुंदीला, एका किलोमीटरला, १,१२५ घनमीटर. आपल्या भाषेत जवळजवळ ४०० ब्रास मुरूम. एवढा मुरूम रस्त्याखाली नाही, आणि वरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे सूत्र समजायला सोपे म्हणून सांगितले. त्यात एक उणीव आहे. ते एका चाकाचा भार पाहते, असे चाक किती वेळा जाणार ते पाहत नाही. आजचा हिशोब त्याच्या पुढे गेला आहे. भारतीय रस्ते महासभा, म्हणजे आयआरसी, हिची ३७ क्रमांकाची पुस्तिका १९७० साली निघाली. ती १९८४, २००१, २०१२ आणि २०१८ साली सुधारली गेली. ती मोठ्या वाहतुकीसाठी. गावाच्या कमी वाहतुकीच्या रस्त्यांसाठी ७२ क्रमांकाची विशेष पुस्तिका २००७ साली आली, २०१५ ला सुधारली. तिच्यात सीबीआर एका बाजूला आणि वाहतूक दुसऱ्या बाजूला घेऊन जाडी वाचता येते. तुमच्या रस्त्याचे अंदाजपत्रक कुठल्या पुस्तिकेवरून केले ते शाखा अभियंत्याला बिनदिक्कत विचारा.

जाता जाता सांगतो. ही आयआरसी १९३४ साली स्थापन झाली ती ज्या समितीच्या शिफारशीवरून, तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समिती १९२७ सालची. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला तोही नागपुरात, १९४३ साली.

वरून काय जाते, आणि कुठल्या महिन्यात

वाहतूक मोजताना मोटारसायकली, जीप, रिकामे टेम्पो हे हिशोबात जवळजवळ धरतच नाहीत. रस्ता मोडतात ती जड वाहने. आणि जड म्हणजे एकूण वजनाने नव्हे, एका आसावर, आपण ॲक्सल म्हणतो त्यावर, किती भार येतो त्याने. ८.१६ टनांचा आस हा प्रमाण मानला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लाखो फेऱ्या मारून पाहिल्या. त्यातून जे निघाले ते शेतकऱ्याने आणि साखर कारखान्याच्या टोळीवाल्याने दोघांनीही पाठ करावे असे आहे. भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. वीस टक्के जादा भरला तर झीज दुपटीच्या वर. दीडपट भरला तर पाचपट.

चार टायरच्या एका आसावर कायद्याने पूर्वी १०.२ टन चालत. ते घेतले तरी एक आस अडीच प्रमाण आसांएवढी झीज करतो. २०१८ साली ही मर्यादा ११.५ टन झाली, म्हणजे झीज जवळपास चारपट. कायद्याने वजन वाढवले, पण गावाचे जुने रस्ते काही त्या दिवशी जाड झाले नाहीत.

आता आपल्या भागाचे खास. वाहने मोजायची कधी? समजा जुलैत मोजली. दिवसाला २५ जड वाहने निघाली, प्रत्येकी सरासरी एक प्रमाण आस. दहा वर्षे, दरवर्षी सहा टक्के वाढ धरली तर रोजच्या आकड्याला ४,८११ ने गुणायचे. हा गुणक पुस्तिकेत तयार आहे. २५ गुणिले ४,८११ म्हणजे सुमारे १ लाख २० हजार प्रमाण आस.

पण ऊस? समजा तुमच्या रस्त्यावरून गाळपाचे १२० दिवस रोज ४० भरलेल्या ट्रॉल्या जातात. प्रत्येकीला दोन आस, दोन्हींवर प्रमाणाएवढा भार. ४० गुणिले २ गुणिले १२० म्हणजे वर्षाला ९,६००. ३६५ दिवसांवर वाटले तर रोजचे २६. म्हणजे जुलैत २५ दिसलेली वाहतूक प्रत्यक्षात ५१ ची आहे. दहा वर्षांचा आकडा १ लाख २० हजारांवरून २ लाख ४५ हजारांवर गेला. २००७ च्या पुस्तिकेत १ ते २ लाख हा एक वर्ग आहे, २ ते ३ लाख हा त्याच्या वरचा. मोजणी चुकीच्या महिन्यात केली एवढ्यानेच रस्ता एक वर्ग खाली उतरला. आणि ट्रॉली किती भरतात ते तुम्ही पाहतच असता. मी दोन आसांवर प्रमाणाएवढाच भार धरला, ही माझी भीड समजा.

हंगामाची भर वेगळी धरावी असे पुस्तिकेतच आहे. पण कार्यालयात बसलेल्याला तुमच्या शिवारात ऊस किती, कुठल्या वाटेने जातो, हे कुठून ठाऊक असणार? ते तुम्हीच सांगायचे.

ब्रास आणि पिंपे

जाडी ठरली की मालाचा हिशोब सोपा. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. १०० घनफुटांचा ब्रास आपल्याला पाठच आहे, म्हणजे २.८३ घनमीटर. रस्ता पावणेचार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब. क्षेत्र ३,७५० चौरस मीटर. खडीचा साडेसात सेंटीमीटरचा एक थर दाबून व्हायला दर दहा चौरस मीटरला किमान ०.९१ घनमीटर सुटी खडी लागते. म्हणजे एका थराला १२० ब्रास, तीन थरांना ३६० ब्रास. खडी दबून बसते, म्हणून सुटा माल जाडीच्या हिशोबापेक्षा जास्तच आला पाहिजे. दाबल्यानंतरची जाडी आणि आणलेला माल यांत घोळ करू नका. करणाऱ्यालाही करू देऊ नका.

२० मिलिमीटर कारपेटला दहा चौरस मीटरला ०.२७ घनमीटर बारीक खडी आणि १४.६ किलो डांबर. किलोमीटरला झाली ३६ ब्रास खडी आणि ५,४७५ किलो डांबर. सीलकोट ब प्रकारचा असेल तर आणखी ६.८ किलो दर दहा चौरस मीटरला, म्हणजे २,५५० किलो. एकूण आठ टन. डांबर पिंपातून येत असेल तर एका पिंपात साधारण १५५ किलो, म्हणजे किलोमीटरला ५० च्या वर पिंपे लागली पाहिजेत. टँकरने येत असेल तर वजनकाट्याची पावती पाहा. खालच्या थरावर मारायचे डांबर यात धरलेले नाही.

रिकामी पिंपे मोजणारा एखादा म्हातारा प्रत्येक गावात असतो. लोक त्याला हसतात. हसू नका, त्याच्या हातात वही द्या.

काम चालू असताना

आता सरपंच, ग्रामसेवक आणि ज्यांची राने रस्त्याला लागून आहेत त्यांच्यासाठी. डांबर पडायच्या आधी जे पाहायचे ते पाहून घ्या, नंतर उपयोग नाही. मुरूम टाकला की मूठभर घ्या, बारीक भाग ओला करा आणि तळहातावर सुतळीसारखी वळी करून पाहा. चांगल्या मुरमाची वळी होत नाही, तुटते. लांबलचक वळी झाली तर तो मुरूम नव्हे, लाल रंगाची माती आहे, आणि ती पाण्यात काळीसारखीच वागणार.

खडी दाबून झाली असे सांगितले की रोलरपुढे एक खडा टाकायला सांगा. खडा आत रुतला तर दबाई अपुरी आहे. रुतायला जागा न मिळून फुटला तर थर बसला. ही जुन्या मुकादमांची परीक्षा आहे आणि अजूनही खोटी ठरलेली नाही. एकावर एक दोन थर एकदम टाकून एकदाच रोलर फिरवणे मात्र चालू देऊ नका. रोलरचा दाब खालपर्यंत जात नाही.

थराची जाडी पाहायला अभियंत्याला सांगून त्याच्यासमोर एक चौकोनी खड्डा घ्या आणि पट्टी लावा. स्वतःच टिकाव घेऊन रस्ता उकरू नका, त्याने भांडण होते आणि खड्डाही तसाच राहतो. एका कामावर असा खड्डा घेतलेला मी पाहिला आहे. कागदावर मुरमाचा थर होता, खड्ड्यात खडीखाली थेट काळी माती निघाली. पावसाळ्याआधी सापडले म्हणून निस्तरले. डांबर पडल्यावर सापडले असते तर सगळ्यांनी हात वर केले असते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्या कामांवर कुठला थर किती जाडीचा, माल किती, हे लोकांच्या भाषेत लिहिलेला फलक लावायचा असतो, आणि पाच वर्षे दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा असतो. फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. इतर योजनांच्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. बरेच शाखा अभियंते मात्र चांगले विचारले तर अर्ज न करताही दाखवतात. त्यांनाही गावाने लक्ष घातलेले हवे असते, असा माझा अनुभव आहे. एकट्या माणसाकडे पंचवीस कामे असली की तो रोज तुमच्या रस्त्यावर कसा उभा राहणार?

आणि आपले काय?

एवढे सगळे करून रस्ता बुडतो तो पाण्याने, आणि पाणी पुष्कळदा आपणच अडवतो. हिशोबात रस्ता मध्ये उंच, कडेला उतार असा असतो. पावणेचार मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा पाच-साडेपाच सेंटीमीटर उंच. त्या उताराने पाणी कडेला येते आणि साईडपट्टीवरून गटारात उतरले पाहिजे. पण आपण बांध कोरता कोरता गटारही कोरतो, मग साईडपट्टीवर नांगर फिरवतो. चार तास जादा निघतात. त्या चार तासांसाठी रस्त्याच्या पोटात वर्षभर ओल राहते आणि ज्या मातीचा सीबीआर ३ धरला होता ती त्याच्याही खाली जाते.

पाईपलाईनचे तेच. रात्री डांबर कापून पाईप टाकला, वरून माती लोटली. तिथे हातभर जाडीचा रस्ता राहिला नाही, नुसती माती राहिली. पाईप न्यायचाच असेल तर काम सुरू होण्याआधी सांगा. मुरमाच्या वेळीच खालून एक मोठा नळ आडवा टाकून ठेवता येतो. पुढे ज्याला हवे त्याने त्यातून आपला पाईप ओवावा. खर्च किरकोळ आहे.

तुमच्या गावाचा रस्ता येत्या वर्षाच्या आराखड्यात असेल तर या हंगामात एक करा. ज्या फाट्यावरून ऊस बाहेर पडतो तिथे दोन पोरांना सलग सात दिवस बसवा, दिवसा आणि रात्रीही, कारण ट्रॉल्या रात्रीच जास्त जातात. भरलेली किती, रिकामी किती, एसटी किती, ट्रक किती, एवढेच वहीत मांडायचे. सोबत रस्त्याच्या कुठल्या साखळीपासून कुठल्या साखळीपर्यंत काळे रान आहे ते लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावाला जोडा आणि अंदाजपत्रक व्हायच्या आधी शाखा अभियंत्याच्या हातात द्या. पोच घ्यायला विसरू नका.